घोड्यांसाठी बदललेले गिअर

अरे, मी चेन्नईत पिकअपला ट्रॉली जोडून घोडे पोचवतो ना, त्यातलीच एक गोष्ट. दोन घोडे घेऊन गिंडीचा पूल चढताना गाडी मध्येच थांबली आणि क्लच जळाल्याचा वास सुटला. घोड्यांचे मालक म्हणाले, "पुन्हा असं झालं तर दुसरी गाडी बघतो."

मी तडक आमचा मेकॅनिक सेल्वम गाठला.

"सार, मोठी गाडी घ्या."

"गाडी हीच राहील. ॲक्सलचे गिअर बदल, ओढायची ताकद वाढली पाहिजे."

"वेग कमी होईल."

"होऊ दे."

पुढच्या आठवड्यात तेच घोडे, तोच पूल. गाडी सावकाश, पण न थांबता चढत होती. शेजारून एक ऑटोवाला ओरडला, "सार, घोडे मागे कशाला? पुढे जुंपा!"

मी हसलो, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.