सोळा खिडक्या

मुंबईत काचेच्या टॉवरचा फोटो काढायचा तर काढा, पण खिडक्या मोजत बसू नका. मी बसलो की!

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी चादरींची डिझाइनं काढतो. मालक म्हणाले, "चादरीवर मोर बघून बघून गिऱ्हाईक कंटाळलंय. मुंबईचे नवे टॉवर टिपून आण."

मुंबई गाठून एका टॉवरचे फोटो काढले आणि तिथंच फुटपाथवर बसून ग्राफच्या कागदावर एकेक खिडकी चौकोनात भरायला लागलो. आमचं डिझाइन असंच बनतं. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्यानं मनगट धरलं.

"मजले, खिडक्या, दारं! कसला नकाशा आहे हा?"

"चादरीचा."

तो हसला नाही. मोबाइल हिसकावून म्हणाला, "पोलिसांना सांग."

मालकांना विचारा म्हणून हातापाया पडलो, तेव्हा त्यानं फोन स्पीकरवर लावला.

"मालक, मला धरलंय हितं!"

"ते बघू मागनं. एका रांगेत खिडक्या किती? विषम असल्या तरच मदोमद पट्टा बसतोय."

"सोळा."

"मग वाया गेली की खेप!"

सिक्युरिटीवाल्यानं कागद ओढून घेतला, वर टॉवरकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सतरा आहेत," तो म्हणाला. "चार वर्षं रोज मोजतोय मी."