डब्यातल्या मासोळ्या

पत्र्याच्या डब्यातल्या मासोळ्या बोटभर लांब होत्या आणि हवेसाठी सारख्या वर येत होत्या. सक्करदऱ्याच्या बसथांब्यावर, रांगेत मागे उभ्या असलेल्या गोपिकाबाई प्राणिशास्त्र शिकवत. त्यांचं लक्ष डब्यावरच होतं. डबा धरला होता रंभाबाईनं. शेजारी तिचा नवरा नत्थूजी.

"आपून ढिवर, मासे धरनारे, अन् शहरातून मासोळ्या इकत न्याव्या! गावात लोक हसतीन ना!"

"हळू बोल वं. रविवारी शहरातला साहेब येते, हौसेनं आपल्या तलावात गळ टाकाले. त्याच्या गळाले जिती मासोळी पाह्यजे."

"आपल्या तलावात काहून नाही?"

"मरळीनं खाल्ल्या."

"अन् मरळ कोनं सोडली?"

"साहेबानं. गळाले मोठा मासा लागला पाह्यजे म्हणे."

"हो कोन म्हटलं?"

"मीच."

"म्हणजे त्याच्या मरळीनं आपलं जेवण खाल्लं, अन् आता आपूनच तिले इकत आणून चारावं! जावयाचे तरी इतके लाड नाही केले."

"साहेब माह्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढते वं."

"तो फोटो शिजवू काय? दोन वर्षं सांगून राहिली, जाळं टाका. तं म्हणता, साहेबाले वाईट वाटन."

नत्थूजी डब्यात पाहत राहिला. बस आली. पुढचं ऐकायला म्हणून गोपिकाबाई काही पुढे सरकल्या नाहीत.

"चला, चढा," रंभाबाई म्हणाली.

"थांब. ह्या मासोळ्या गळाले नाही लावत. मरळ निघाली का ह्यायले तलावात सोडू."

"अन् मरळ काढन कोन?"

"मी. रविवारी साहेबासमोरच जाळं टाकतो. काढू दे त्याले फोटो!"