पहिली सही

घोटीच्या स्टँडवर इगतपुरीची गाडी काही येईना. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून निवृत्ती मास्तरांनी रांगेत पुढे उभ्या दोघींकडे कान लावला. भागीबाईच्या हातात तहसीलदाराला द्यायचा अर्ज होता.

"धरणातल्या हाटेलाच्या तरंगत्या खोल्या बंद करा, असं लिवलंय का गं?"

"नाय, चिमणाबाई. खोल्या राहू द्या, पन त्यांच्या संडासाला नियम लावा."

"आन् आपल्या अंगठ्यांच्या वर ही इंग्रजी सही कोनाची?"

"खोलीतल्या पाव्हन्याची. वाऱ्यानं दोर तुटला आन् त्याची खोली आपल्या पानवठ्याला लागली. मी भाकर दिली. त्यानं पानी मागितलं."

"दिलंस?"

"तांब्या भरून दिला. म्हनलं, तुमच्या खोलीखालचंच हाय."

"प्याला?"

"नाय. पेन काढला."