देशपांडेबाईंची चिठ्ठी

अहो, आमच्या कोथरूडच्या ऑफिसात वायफायचा एकच पासवर्ड होता, तोही रिसेप्शनच्या देशपांडेबाईंनी भिंतीवर चिकटवलेला. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणं माझं काम, म्हणून मी तो कागद फाडला आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग काम देण्याआधी आमची सुरक्षा तपासायला बड्या क्लायंटचा माणूस आला. बाईंनी त्याला पाहुण्यांच्या वायफायची चिठ्ठी दिली. तो मुद्दाम म्हणाला, "हे फार हळू चालतंय. तुमचंच लॉगिन द्या ना."

बाई म्हणाल्या, "लॉगिन नाही मिळायचं. चहा हवा तर अजून एक देते."

काम आम्हालाच मिळालं! माझी कॉलर ताठ. तेवढ्यात आमचे साहेब खुशीत बाहेर आले. "बाई, माझा पासवर्ड विसरलो, तुमचा सांगा बरं."

बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. "आज तुम्हीही पाहुणेच."