वाट देताना

(गंगापूर रोड, दुपारची गर्दी. मोहिनी गाडी चालवते आहे. शेजारी तिची सासू, लंकाबाई.)

लंकाबाई : …म्हून म्हणते, आता कशाला डोळे तपासायचे? बघायचं ते बघून झालं माझं.

मोहिनी : आई, जरा थांबा. मागं ॲम्ब्युलन्स आहे.

लंकाबाई : अगं, मंग सरक की बाजूला! लवकर!

मोहिनी : डावीकडं स्कूटरवाली आहे. तिला निघू दे.

लंकाबाई : मंग पुढं घाल! सिग्नल लाल असला म्हून काय झालं? आत कुणाचा तरी जीव हाय!

मोहिनी : तिकडून येणाऱ्या गाड्यांत अडकलो तर ॲम्ब्युलन्सचाही रस्ता बंद होईल. इंडिकेटर दिलाय… गेली स्कूटर. घेतली बघा कडेला.

लंकाबाई : जा रे बाबा, जा… गेली. आन ती पांढरी गाडी बघ, ॲम्ब्युलन्सच्या मागं मागं पळतोय मुडदा! असल्याच लोकांनी माझा लेक धनराज मारला. काय झालं? काढ की गाडी.

मोहिनी : काढते. तो दिवस आठवला.

लंकाबाई : आठवणारच. घोटीहून ॲम्ब्युलन्समधनं आणताना तू त्याच्यापाशीच बसली व्हतीस. छातीत कळा येऊन माझं लेकरू तडफडत व्हतं, आन मेल्यांनी वाट दिली नाय.

मोहिनी : दिली होती, आई.

लंकाबाई : काय?

मोहिनी : वाट. सगळेच देत होते. मला काचेतून दिसत होतं. कुणी डावीकडं वळला, कुणी उजवीकडं, कुणी जागीच थांबला. एक टेम्पोवाला घाबरून एकदम वळला, त्याला मागून जीप धडकली. सगळा रस्ताच बंद झाला. एक रिक्षावाला तर खाली उतरून हात जोडत होता, मागं घ्या म्हणत होता. तोवर यांचा हात गार पडला.

लंकाबाई : मंग… वैरी कोण व्हतं?

मोहिनी : कुणीच नव्हतं.

लंकाबाई : आन हे आज सांगतीस? वरीस झालं, ताटावर बसले की मी त्या लोकांना शिव्या घालते. तू समोर बसून ऐकत व्हतीस. एका शब्दानं बोलली नाय!

मोहिनी : शिव्या घालून झाल्या, की तुम्ही दोन घास खात होतात.