प्रभावळीवरचे बगळे

दिलीपसमोर बगळ्यांचा विषय काढू नका, आधीच सांगून ठेवतो. आमच्या या रोह्याच्या मित्राला जुन्या जपानी तलवारींचं भारी वेड. अख्खी तलवार परवडत नाही, म्हणून निदान मुठीपुढची नक्षीदार लोखंडी चकती तरी मिळावी, यासाठी दहा वर्षं त्यानं मुंबई-पुण्याचे जुने बाजार पालथे घातले. वर ऐट अशी, की "आपल्या नजरेतून नक्षी सुटत नाय!"

यंदा त्याच्या गणपतीच्या मूर्तीसाठी पाट द्यायला आम्ही पेणजवळच्या जोह्याला गेलो, नेहमीच्याच कारखान्यात. मूर्तिकार तात्या ओल्या शाडूच्या प्रभावळीवर एक चकती दाबून ठसे उठवत होते. पंख पसरलेले दोन बगळे!

दिलीप ओरडलाच, "तात्या, ही जपानी तलवारीची! कुठं मिळाली?"

"आज्यानं बर्माच्या लढाईतून आणलेली. ठशाला बरी पडते."

"अहो, दहा वर्षं शोधतोय मी! कधीच का नाय दाखवली?"

तात्या हसले. "दरवर्षी दाखवतोय की. तुमच्या घरच्या गणपतीमागं हेच बगळे असतात. तुम्ही देवापुढं डोळे मिटून उभे राहता, त्याला मी काय करू?"