पूजेतले बूट

आम्ही मूळचे सरकारी फौजेतले, म्हणजे गायकवाडी फौजेतले, पणजोबांची तलवार अजून दांडिया बाजारच्या घरात आहे. बाबा कारकून, पण खंडेनवमीला तलवार पुसताना त्यांची छाती अशी फुगायची, काय सांगू तुम्हाला.

तेव्हा बडोद्यात नव्या नव्या कंपन्या येत होत्या, टीव्हीवर परदेशातल्या मॅची दिसायला लागल्या होत्या, त्यात एका कंपनीनं फुटबॉलची अकादमी काढली. सगळं गाव क्रिकेटवालं, आणि मी फुटबॉलमध्ये, म्हणजे आधीपासून एकटाच ने. बाबांनी बूट घेऊन दिले आणि त्या खंडेनवमीला ते तलवारीशेजारी पूजेत मांडले. आत्या म्हणाली, अरे देवापुढे चामडं? बाबा म्हणाले, म्यान कशाचं आहे मग? आमच्या घरात पुन्हा एक शिपाई झाला, असं येईल त्याला सांगायचे.

दोन वर्षं तशी गेली. मग कलकत्त्याच्या मोठ्या टीमचे कोच पोरं निवडायला येणार असं ठरलं, दसरा झाल्यावर. पण त्यांचं रिझर्वेशन बदललं आणि निरोप आला नवमीच्या दुपारी, मॅच आजच, चारला. बुटांना सकाळीच हळदकुंकू लागलेलं. आमच्यात पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी तलवारीकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, नाही. मग मी दुसऱ्याचे बूट मागून घातले, एक नंबर लहान, आणि खेळलो. मैदानावर गरब्याचे मांडव, खड्डे, काही विचारू नका.

घेतलं एकाला, आमच्या रमेश राठवाला. बाकी आम्ही सगळे घरी. आणि रमेशचं तरी काय, एक सीझन बाकावर बसला नि परत आला, आता वाघोडियाला कंपनीची बस चालवतो. निवड झाली तेव्हाच कोचना मी स्वतः जाऊन सांगितलं, साहेब, बूट माझे नव्हते. ते प्रेमानंच म्हणाले, बेटा, बुटांचं काही नाही, तू वळतोस हळू, ते शिकवून येत नाही.

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझं मन राखायला खोटं बोलू नकोस." पुढे मी गोरव्याला कारखान्यात लेथवर लागलो, लग्न झालं, तरी दर नवमीला बूट मांडून झाले की ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. मी कितीदा सांगितलं, बाबा, मी कमी पडलो, तुम्ही नाही. ऐकतच नव्हते. त्यातच गेले.

आता बायको नाही, मुलगी पुण्याला. तलवार मीच पुसतो, बूटही मीच मांडतो, चामडं लाकडासारखं झालंय. पूर्वी राग यायचा बाबांचा, खरं सांगतो, का मानत नाहीत म्हणून. आता कळतं, आपले बूट असते तर मी नक्की निवडला गेलो असतो असं मानणारा जगात तो एकच माणूस होता. आता कोणीच नाही. मला स्वतःलाही तसं वाटत नाही.

संध्याकाळी मैदानावर पोरं खेळतात, बघत बसतो. सुखी राहा रे, म्हणतो मनात. यंदाही नवमीला मांडीन बूट. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.